शेवटून पहिली, तरी आमची!

अणुबॉम्बने बेचिराख झालेल्या हिरोशिमाने चारच वर्षांनी स्वतःची बेसबॉल टीम काढली. टीम सतत हरायची, पगाराला पैसे नसायचे. मग लोकांनी स्टेडियमबाहेर पिंपं ठेवली...

एक सोपा प्रश्न. तुमच्या आवडत्या टीमने एका सीझनमध्ये ४१ मॅचेस जिंकल्या आणि ९६ हरल्या, तर तुम्ही काय कराल?

खरं खरं सांगा हं. बरेच जण गुपचूप डीपी बदलतील. काही जण स्वतःच्याच टीमवर मीम्स टाकतील. जे अगदीच निष्ठावंत, ते ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणतील. ठीक आहे. पण पुढच्या वर्षी टीमकडे खेळाडूंचे पगार द्यायलाही पैसे उरले नाहीत, आणि लीगवाले म्हणाले, की बंद करा नाहीतर दुसऱ्या टीममध्ये विलीन व्हा, तर? तुम्ही खिशात हात घालाल? तिकिटासाठी नाही, जर्सीसाठी नाही. नुसताच, टीम जगावी म्हणून?

१९५१ मध्ये एका शहराने असा हात घातला होता. आणि तो खिसा जवळपास रिकामा होता, कारण त्या शहराचं नाव हिरोशिमा.

टेबलावरची लाल टोपी

मी गेली दोन वर्षं पुण्यात जपानी शिकतेय. पुण्यात जपानी शिकणारे किती आहेत हे वेगळं सांगायला नको, तुमच्याही ग्रुपमध्ये एखादा असेलच. तर एकदा आमच्या सेन्सेईंनी वर्गात विचारलं, “हिरोशिमा म्हटल्यावर पहिला शब्द कुठला आठवतो?” सगळ्यांनी एकच लिहिला. तुम्हीही तोच लिहिला असता.

सेन्सेई काही वर्षं तिथे राहून आल्यात. त्यांनी पिशवीतून एक लाल टोपी काढली, पुढे इंग्रजी सी अक्षर असलेली, आणि टेबलावर ठेवली. म्हणाल्या, “तिथल्या माणसाशी ट्राममध्ये बोलायला लागलात ना, तर तो आधी काल रात्रीच्या मॅचबद्दल बोलेल. ६ ऑगस्टबद्दल बोलेल, पण ओळख वाढल्यावर.”

ती टोपी हिरोशिमा कार्पची. कार्प म्हणजे मासा, आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातला. सिंहगड रोडवरचं पु. ल. देशपांडे उद्यान तुम्हाला माहितीये. त्याचं दुसरं नाव पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. त्या ओकायामाच्या शेजारचाच प्रांत हिरोशिमा. बुलेट ट्रेनने पाऊण तास. म्हणजे आपल्या मैत्रीच्या शहराच्या अगदी पलीकडच्या गल्लीत ही गोष्ट घडलीये आणि मला तिचा पत्ताच नव्हता.

पुढे जाण्याआधी, ज्यांना बेसबॉल अजिबात कळत नाही त्यांच्यासाठी अर्ध्या मिनिटाची शिकवणी. दोन्हीकडे नऊ-नऊ खेळाडू, नऊ इनिंग्ज. पिचर म्हणजे आपला बोलर, फक्त टप्पा न टाकता थेट फेकणारा. बॅटरला तीन चुका माफ नाहीत, तिसऱ्याला आउट. चार कोपऱ्यांना पळत शिवून घरी परत आलात की एक रन. मैदानाबाहेर भिरकावला तर होमरन. झालं. बाकी धाकधूक आपल्यासारखीच.

आधी शाळा, मग लीग

आपल्याला वाटतं, आधी मोठी लीग येते, मग तिचं बघून पोरं खेळायला लागतात. जपानमध्ये उलटं झालं. १८७२ च्या सुमारास होरेस विल्सन नावाच्या अमेरिकन शिक्षकाने तोक्योतल्या विद्यार्थ्यांना हा खेळ शिकवला. शाळा-कॉलेजांत तो पसरला. १९१५ मध्ये शाळांची देशपातळीवरची स्पर्धा सुरू झाली. व्यावसायिक लीग मात्र आली १९३६ मध्ये. म्हणजे पैसे घेऊन खेळणारे यायच्या वीस वर्षं आधीपासून सगळा देश शाळकरी मुलांच्या मॅचेससाठी वेडा झाला होता.

या शालेय स्पर्धेचं घर म्हणजे कोशिएन स्टेडियम. ते १९२४ मध्ये उघडलं, आणि तिथे झालेली उन्हाळ्यातली पहिलीच स्पर्धा जिंकली हिरोशिमाच्या एका वाणिज्य शाळेने. तिला लोक प्रेमाने ‘हिरोशो’ म्हणतात. या शाळेने १९२९ आणि १९३० ला पुन्हा ती जिंकली. शहरातली दुसरी मोठी शाळा कोर्‍यो. तिने १९२६ ची वसंतातली स्पर्धा मारली. या दोन शाळांची खुन्नस म्हणजे कोल्हापूरच्या पेठांच्या फुटबॉलसारखी समजा. जो शाहू स्टेडियमवर एकदा गेलाय त्याला अधिक समजवायला नको.

हिरोशोच्या त्या विजेत्या मुलांच्या कोचचं नाव होतं शुइची इशिमोतो. स्वतः हिरोशिमाचेच. नाव लक्षात ठेवा, ते परत येणार आहेत.

मग आला ६ ऑगस्ट १९४५. सकाळचे सव्वाआठ. त्या वर्षाच्या अखेरपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसं गेली असा हिरोशिमा शहराचा अंदाज आहे. मी इथे त्या दिवसाचं वर्णन करणार नाही, आपण ते शाळेत वाचलंय. फक्त एक गोष्ट सांगते, जी मला कोणी शिकवली नव्हती. तिसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, त्या शहरातली ट्राम एका छोट्या टप्प्यावर पुन्हा सुरू झाली होती. सगळं संपल्यावरही ज्या शहराला आधी ट्राम चालू करावीशी वाटते, त्याला चार वर्षांनी बेसबॉल टीम काढावीशी वाटली, यात मग फारसं आश्चर्य वाटत नाही.

मालक नसलेली टीम

१९४९ मध्ये जपानची लीग दोन भागांत फुटायला निघाली होती आणि नव्या टीम्सना जागा होती. बाकीच्यांच्या मागे वर्तमानपत्रं होती, रेल्वे कंपन्या होत्या. हिरोशिमाच्या टीममागे एकही मोठी कंपनी नव्हती. टीम शहराची, प्रांताची, लोकांची. नाव ठरलं कार्प, कारण इथल्या जुन्या किल्ल्याला ‘माशाचा किल्ला’ म्हणतात, आणि हा मासा धबधब्यावर उलटा चढून ड्रॅगन होतो अशी तिकडे समजूत आहे. गंमत म्हणजे आधी ‘कार्प्स’ असं नाव देणार होते. मग कुणीतरी लक्षात आणून दिलं, की इंग्रजीत याचं अनेकवचनही कार्पच. व्याकरणाने वाचवलं!

मॅनेजर म्हणून बोलावलं इशिमोतोंना. मधल्या काळात त्यांनी व्यावसायिक लीगमध्ये ओसाकाच्या टायगर्सना विजेतेपद मिळवून दिलं होतं. मोठा माणूस. पण हाताशी खेळाडू म्हणाल तर इकडून तिकडून गोळा केलेले. काही नवखे, काही उतरणीला लागलेले. १९५० चा निकाल सुरुवातीला सांगितलाच. ४१ विजय, ९६ पराभव, एक बरोबरी. आठ टीम्समध्ये आठवी.

१९५१ च्या सुरुवातीला पगार थकले. लीगमध्ये चर्चा सुरू झाली, की हिला शेजारच्या तैयो व्हेल्समध्ये विलीन करून टाका. इशिमोतो त्या बैठकीची वाट बघत बसले नाहीत. त्यांनी ठरवलं, लोकांनाच विचारायचं. गावोगावी, कारखान्यांत, कचेऱ्यांत फिरून त्यांनी टीमची समर्थक मंडळं उभी केली. मॅनेजरने बॅटिंग ऑर्डर ठरवायची सोडून वर्गणी मागत फिरायचं, विचार करा.

आणि स्टेडियमच्या दारात ठेवली गेली साकेची लाकडी पिंपं. साके म्हणजे तांदळाची दारू, त्याची मोठी गोल पिंपं असतात ती. दारू नव्हती त्यात. मॅचला येणारे येता-जाता त्यात नाणी टाकायचे. दहा येन, पाच येन, जे असेल ते. जपानीत याला ‘तारू-बोकिन’ म्हणतात, पिंपातली वर्गणी. आपल्याकडे गणपतीची वर्गणी पावती फाडून होते, तिथे पावतीही नव्हती. आणि हे टाकणारे कोण? ज्यांची घरं अजून पत्र्याची होती, ज्यांच्या घरातलं कुणी ना कुणी गेलं होतं.

मी सेन्सेईंना विचारलं, “पण त्यांना घरासाठी पैसे नको होते का?” त्या म्हणाल्या, “हवे होते की. पण घर ज्याचं त्याचं. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून ओरडायला दुसरं काय होतं?”

टीम वाचली. लगेच जिंकायला लागली, असं मात्र झालं नाही. त्या वर्षी सात टीम्समध्ये सातवी!

३१.६ टक्के

१९५२ ला लीगने नवा नियम काढला. ज्या टीमची विजयाची टक्केवारी तीसच्या खाली जाईल तिच्यावर कारवाई, म्हणजे गाशा गुंडाळायची तयारी. नियम कुणाकडे बघून केला होता हे सगळ्यांना माहीत होतं.

कार्पने त्या वर्षी ३७ मॅचेस जिंकल्या, ८० हरल्या, तीन बरोबरीत. ३१.६ टक्के. ३५ टक्क्यांना पास होणाऱ्या आपल्यापैकी काहींना यातलं सुख कळेल. शेवटची आली शोचिकु रॉबिन्स, २८.८ टक्क्यांवर. आणि पुढच्या वर्षी तैयोमध्ये विलीन झाली ती रॉबिन्सच. ज्या टीमसाठी खड्डा खणला होता ती काठावर उभी राहिली. रॉबिन्स म्हणजे दोनच वर्षांपूर्वीचे लीग विजेते, हे विशेष.

१९५३ मध्ये लोकांनी पुन्हा पैसे जमवून अमेरिकेतून खेळाडू आणले. त्यातल्या दोन भावांची गोष्ट खास आहे. केन्सो आणि केनशी झेनिमुरा. त्यांचे वडील केनिची १९०० मध्ये हिरोशिमात जन्मले आणि लहानपणीच परदेशी गेले. कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो गावात त्यांनी जपानी लोकांच्या बेसबॉलचा पाया घातला. युद्धात अमेरिकेने जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत कोंडलं, त्यात झेनिमुरा कुटुंबही अॅरिझोनाच्या वाळवंटातल्या हिला रिव्हर छावणीत गेलं. तिथे केनिचींनी काय केलं, तर बेसबॉलचं मैदान तयार केलं. झाडंझुडपं उपटून, पाणी वळवून, बसायला बाकं करून. छावणीतले हजारो लोक मॅच बघायला यायचे.

त्या माणसाची दोन मुलं कार्पची जर्सी घालायला वडिलांच्या जन्मगावी आली. एकाच घराचं नशीब बघा. अर्धं गाव अमेरिकेच्या बॉम्बखाली, अर्धं अमेरिकेच्या तारेच्या कुंपणात, आणि दोघांनी धरून ठेवलेला खेळ अमेरिकेचाच. ‘शत्रूचा खेळ’ म्हणून कुणीच तो सोडला नाही.

हिरोशिमाचं पोर म्हणून आणखी एक नाव सांगायलाच हवं, जरी ते कार्पकडून कधी खेळलं नाही. इसाओ हारिमोतो. कोरियन आईवडिलांचा मुलगा, जन्म हिरोशिमात. लहानपणी उजवा हात भाजून अधू झाला. पाच वर्षांचा असताना बॉम्ब पडला, थोरली बहीण त्यात गेली. हा मुलगा डावखुरा बॅटर झाला आणि जपानच्या व्यावसायिक लीगमध्ये ३,०८५ हिट्स मारून गेला. तिथे तीन हजारांचा टप्पा ओलांडणारा आजवरचा तो एकटाच.

फोटो घेऊन आलेली माणसं

१९५७ मध्ये शहरातल्या दहा कंपन्यांनी देणगी दिली आणि दिवे असलेलं नवं स्टेडियम झालं. नाव होतं नागरिक स्टेडियम. जागा कुठली? बॉम्बने फक्त सांगाडा उरलेला जो घुमट आपण सगळ्यांनी फोटोत पाहिलाय, त्याच्या समोर. मध्ये फक्त ट्रामचा रस्ता. एका बाजूला तो घुमट, दुसऱ्या बाजूला रात्रीच्या दिव्यांत आरडाओरडा. मला आधी हे विचित्र वाटलं. नंतर वाटलं, त्या रस्त्याच्या दोन्ही बाजू त्यांना लागत होत्या.

पण टीम? वर्षानुवर्षं खालच्याच रांगेत. पहिल्यांदा वरच्या तिनात यायला १९६८ उजाडलं. त्याच वर्षी माझदा गाड्या बनवणारी तोयो कोग्यो ही स्थानिक कंपनी पाठीशी आली आणि नावात ‘तोयो’ जोडलं गेलं. मग १९७२, ७३, ७४, तीन वर्षं सलग शेवटचा नंबर.

१९७५ ला जो लुट्झ नावाचा अमेरिकन मॅनेजर आला. त्याने टोपी निळ्याची लाल केली, लढायचा रंग म्हणून. अंपायरशी झालेल्या वादानंतर त्याने जेमतेम पंधरा मॅचेसमध्ये राजीनामाही दिला! टोपी मात्र राहिली. त्याच्या जागी ताकेशी कोबा आले. टीममध्ये दोन माणसं होती. एक, कोजी यामामोतो, हिरोशिमाचाच मुलगा. दुसरा, साचिओ किनुगासा, क्योतोचा. आई जपानी, वडील अमेरिकन सैन्यातले कृष्णवर्णीय. युद्धानंतरच्या जपानमध्ये अशा मुलाचं बालपण कसं गेलं असेल ते आपण समजू शकतो. या किनुगासाने पुढे सलग २,२१५ मॅचेस खेळायचा विक्रम केला. १९७९ मध्ये बॉल लागून खांद्याचं हाड मोडलं, तरी दुसऱ्या दिवशी तो बॅट घेऊन आला, तीनदा जोरात फिरवली, आउट झाला. अख्ख्या हिरोशिमाला तो स्ट्राइकआउट अजून पाठ आहे.

१५ ऑक्टोबर १९७५. तोक्योतल्या कोराकुएन स्टेडियमवर, सगळ्यात श्रीमंत आणि लाडक्या जायंट्सविरुद्ध ४-० ने जिंकून कार्प पहिल्यांदा लीग विजेती झाली. स्थापनेपासून पंचवीस सीझन गेले होते मध्ये. त्या वर्षी शेवटचा नंबर कुणाचा होता? जायंट्सचा. मी हे बनवत नाहीये!

पाच दिवसांनी हिरोशिमाच्या शांती मार्गावर मिरवणूक निघाली. तीन लाख लोक रस्त्यावर. आणि त्या गर्दीत काही माणसं फोटो घेऊन उभी होती. खेळाडूंचे नाही, आपापल्या घरातल्या गेलेल्या माणसांचे. आई, वडील, भाऊ. त्यांनी फोटो उंच धरले होते, म्हणजे त्यांनाही दिसावं.

हे वाचलं तेव्हा मी लोकलच्या दारात उभी होते, आणि मला दोन मिनिटं मोबाइल खिशात ठेवावा लागला.

परत आलेला पिचर, परत आलेली पिंपं

पुढचा काळ चांगला गेला. १९७९, १९८० आणि १९८४ ला कार्प अख्ख्या जपानचे विजेते. १९९१ ला पुन्हा लीग. आणि मग पुन्हा दुष्काळ, पंचवीस वर्षांचा. पैसेवाल्या टीम्स चांगले खेळाडू उचलायच्या, कार्पने घडवायचे आणि बाकीच्यांनी न्यायचे असा प्रकार. २००४ मध्ये जपानच्या लीगमध्ये टीम्स कमी करायच्या हालचाली सुरू झाल्या, खेळाडूंनी इतिहासातला पहिला संप केला. जुनं स्टेडियम मोडकळीला आलं होतं. छोट्या शहराची छोटी टीम पहिली जाणार, असं सगळ्यांना वाटत होतं.

आणि हिरोशिमाच्या रस्त्यांवर परत पिंपं आली. या वेळी नव्या स्टेडियमसाठी. १९५१ ला नाणी टाकणाऱ्यांच्या नातवंडांनी टाकली. कोट्यवधी येन जमले. फक्त त्यातून स्टेडियम होणार नव्हतं हे उघड होतं, पण सरकार आणि कंपन्यांना जो निरोप जायचा तो गेला. २००९ मध्ये रेल्वे स्टेशनजवळ नवं स्टेडियम उघडलं. तिथल्या बाकांवरून बुलेट ट्रेन जाताना दिसते.

पिचर हिरोकी कुरोदाची गोष्ट तर सिनेमातली वाटते. २००६ मध्ये तो टीम सोडून जाऊ शकत होता. चाहत्यांनी स्टेडियममध्ये भलामोठा फलक धरला, की आपण आजवर एकत्र लढलो, पुढेही लढू. तो थांबला. नंतर तो अमेरिकेत गेला, लॉस एंजेलिस डॉजर्स आणि न्यू यॉर्क यँकीजकडून खेळला. २०१५ मध्ये, वयाच्या चाळिशीत, तिकडच्या कितीतरी मोठ्या रकमांना नाही म्हणून तो कार्पकडे परतला. त्या वर्षी स्टेडियममध्ये पहिल्यांदाच सीझनभरात २० लाखांवर प्रेक्षक आले. शहराची लोकसंख्या आहे सुमारे १२ लाख.

१० सप्टेंबर २०१६. पुन्हा तोक्यो, पुन्हा जायंट्स, पिचर कुरोदा. पंचवीस वर्षांनी लीग जिंकली. हिरोशिमा भागात त्या मॅचचं टीव्ही रेटिंग ६० टक्क्यांच्या वर गेलं होतं. दर पाच घरांतली तीन घरं एकच गोष्ट बघत होती.

तोवर ‘कार्प जोशी’, म्हणजे कार्पच्या पोरी, हा शब्द जपानभर झाला होता. २०१४ च्या गाजलेल्या शब्दांच्या यादीत तो पहिल्या दहात होता. लाल जर्सीतल्या कॉलेजच्या मुली, ऑफिसमधून थेट मॅचला येणाऱ्या मुली. एक गट उठतो, दुसरा बसतो, उठाबशा काढत चालणारं यांचं ओरडणं बघितलंत तर जिम लावायची गरज नाही. हातात तांदूळ वाढायचे लाकडी भाताडे, जवळच्या मियाजिमा बेटावर बनणारे. ते एकमेकांवर आपटून ताल धरायचा. शहरातल्या काही गटारांच्या झाकणांवरही कार्पचं चित्र आहे. यापुढे काय बोलणार!

आणि ६ ऑगस्ट? जुनं स्टेडियम त्या दिवशी बंद असायचं. २०११ मध्ये, ५३ वर्षांनी, त्या तारखेला पुन्हा घरच्या मैदानावर मॅच झाली. २०१५ मध्ये, बॉम्बला ७० वर्षं झाली तेव्हा, कार्पच्या प्रत्येक खेळाडूने एकच नंबर घातला, ८६. आठवा महिना, सहावी तारीख. नावाच्या जागी ‘पीस’. त्या दिवशी मैदानावर कुणी स्टार नव्हता.

गवतावरचा बेसबॉल

आता मला सगळ्यात आवडलेला भाग. हे स्टेडियम, कुरोदा, लाखोंची गर्दी हा वरचा थर. खाली काय आहे?

जपानीत एक शब्द आहे, ‘कुसा-याक्यू’. कुसा म्हणजे गवत, याक्यू म्हणजे बेसबॉल. आपलं गल्ली क्रिकेट. दुकानदारांची टीम, ऑफिसची टीम, जुन्या वर्गमित्रांची टीम. कामावर जायच्या आधी भल्या सकाळी खेळणारे गट असतात. नदीकाठच्या मैदानांवर रविवारी पोट सुटलेले काका पूर्ण गणवेशात उतरतात, आणि हरले तरी मॅचनंतरची पार्टी ठरलेलीच. खऱ्या बेसबॉलचा बॉल दगडासारखा असतो, म्हणून शंभरएक वर्षांपूर्वी जपानमध्येच पोकळ रबरी बॉल काढला गेला, मुलांना लागू नये म्हणून. आज तिथली असंख्य मुलं आणि काका त्याच बॉलने खेळतात. आपण टेनिस बॉलने खेळतो तसंच.

त्याच्या वर कंपन्यांच्या टीम्स. दिवसा काम, नंतर सराव. १९७९ ला कार्प पहिल्यांदा जपानचे विजेते झाले, त्याच वर्षी कंपन्यांची देशपातळीवरची स्पर्धाही हिरोशिमाच्या एका कारखान्याच्या टीमने, मित्सुबिशी हेवी इंडस्ट्रीजने, जिंकली. आणि शाळा तर आहेतच. २०१७ ला कोर्‍योच्या शोसेई नाकामुराने कोशिएनच्या एका स्पर्धेत सहा होमरन मारून विक्रम केला. त्याच वर्षी कार्पने त्याला पहिली पसंती म्हणून निवडलं.

सगळंच गोडगोड आहे असं समजू नका. २०२५ च्या उन्हाळ्यात हिरोशिमाच्या एका नावाजलेल्या शाळेने चालू स्पर्धेतून माघार घेतली, कारण टीममधल्या सीनियर्सनी धाकट्याला मारल्याचं प्रकरण बाहेर आलं. खेळावर शहर इतकं प्रेम करतं, तेव्हा त्या प्रेमाच्या नावाखाली काय काय सहन केलं जातं, हाही प्रश्न आहे. आपल्या कॉलेजांत रॅगिंग बघितलेल्यांना हे परकं वाटणार नाही.

आणि हो, १९८४ नंतर कार्पने जपानचं विजेतेपद पुन्हा जिंकलेलं नाही. २०२४ ला सप्टेंबर उजाडताना टीम पहिल्या नंबरवर होती, महिना संपेपर्यंत चौथ्यावर घसरली. लाल टोप्या तरीही दिसतातच.

माझी उधारी

हा लेख लिहिताना मला सारखं काहीतरी टोचत होतं. आमच्या कॉलेजमध्ये मुलींची सॉफ्टबॉल टीम आहे. सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलची धाकटी बहीण. जरा मोठा बॉल, जरा छोटं मैदान, खालून हात फिरवून टाकायचा. डिग्रीच्या तीन वर्षांत मी त्यांची एकही मॅच बघितली नव्हती. आयपीएलच्या लिलावात कोण किती कोटींना गेला हे मला पाठ होतं, आणि माझ्या बाकावर बसणारी मुलगी कॅचर आहे हे माहीत नव्हतं.

मागच्या महिन्यात गेले. सकाळी सात. प्रेक्षक मोजले, मी धरून नऊ. त्यात एक आजोबा चालायला आलेले आणि विसाव्यासाठी बसलेले. आमच्या मुली हरल्या, चांगल्याच हरल्या. मॅच संपल्यावर कॅप्टन बिस्किटांचा रिकामा डबा घेऊन फिरत होती. नवे बॉल आणायचे होते, प्रत्येकी पन्नास रुपये. माझ्यापाशी आली आणि म्हणाली, “सॉरी हं, तू टीममध्ये नाहीयेस ना.”

मी पन्नास टाकले. ती जरा गोंधळली, मग हसली आणि पुढे गेली.

त्यांची पुढची मॅच येत्या रविवारी आहे, सातलाच. तुमच्याही कॉलेजात अशी एखादी टीम असेल. कबड्डीची, खो-खोची, नाहीतर रिकाम्या मैदानात रोज संध्याकाळी एकटीच सराव करणारी एखादी भालाफेकवाली. नाव विचारून बघा.